जुगारगृहाचे उत्पन्न आणि जमातीचे स्वराज्य

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जुगार आणि विकास हे दोन शब्द एकत्र उच्चारले गेले की सामाजिक चळवळीतील कार्यकर्त्याच्या कपाळाला आठी पडते, आणि ते स्वाभाविकच आहे. मटक्याच्या आकड्यापायी मुंबईच्या गिरणगावात कित्येक कामगारांचा पगार घरापर्यंत पोहोचत नसे, हा इतिहास फार जुना नाही. गरिबाच्या आशेवर चालणारा श्रीमंताचा धंदा, अशीच जुगाराची ओळख आपल्याकडील चळवळींनी करून दिली आणि ती बव्हंशी खरी आहे. असे असूनही अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील अनेक आदिवासी जमातींनी गेल्या पंचेचाळीस वर्षांत कॅसिनो हेच आपल्या आर्थिक पुनरुत्थानाचे मुख्य साधन केले आहे. २०२४ या आर्थिक वर्षात या जमातींच्या पाचशेहून अधिक जुगारगृहांनी मिळून सुमारे ४,३९० कोटी डॉलर उत्पन्न मिळविले. जिंकणाऱ्यांना दिलेली रक्कम वजा जाता उरलेला हा आकडा आहे.

ज्यांची भूमी गेली, ज्यांच्या भाषा मारल्या गेल्या, ज्यांच्या मुलांना आईबापांपासून तोडून वसतिशाळांत कोंडले गेले, त्या लोकांनी हा मार्ग का पत्करला? त्यातून त्यांच्या हाती काय आले? आणि ज्याला विकास म्हणावे असे काही त्यातून घडले काय? हे प्रश्न केवळ कुतूहलाचे नाहीत. पर्यटन आणि करमणूक यांच्या जोरावर मागास प्रदेशांचा उद्धार करण्याच्या योजना आपल्याकडेही मांडल्या जातात. तेव्हा नीतीचा निवाडा घटकाभर बाजूला ठेवून या व्यवहाराचे अर्थशास्त्र तपासणे आवश्यक आहे. ते तपासताना तीन प्रश्न डोळ्यांसमोर असावेत. हा पैसा मुळात कोठून येतो? तो कोणाच्या मालकीचा होतो? आणि हाती आल्यावर त्याचे रूपांतर कशात होते?

जमीन गेल्यानंतर

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८३१ साली चेरोकी जमातीच्या खटल्यात आदिवासी जमातींचे वर्णन देशांतर्गत परावलंबी राष्ट्रे असे केले. म्हणजे राष्ट्रे खरी, पण पालकाच्या छत्राखाली असलेल्या पाल्यासारखी. त्याआधीच, १८३० साली, जमातींना मिसिसिपी नदीच्या पश्चिमेस हलविण्याचा कायदा झाला होता आणि १८३८ साली चेरोकींना लष्कराच्या पहाऱ्यात आपली भूमी सोडावी लागली. वाटेत हजारो माणसे मरण पावली. पुढे १८८७ च्या डॉज कायद्याने सामुदायिक जमिनीचे खासगी तुकडे पाडण्यात आले आणि ‘शिल्लक’ ठरविलेली जमीन गोऱ्या वसाहतकारांना खुली झाली. परिणाम असा की १८८७ साली आदिवासींकडे असलेली सुमारे १३ कोटी ८० लाख एकर जमीन १९३४ पर्यंत सुमारे ४ कोटी ८० लाख एकरांवर आली. जी उरली तिच्यातील बराच भाग नापीक किंवा बाजारपेठेपासून दूर होता.

या उरलेल्या जमिनीचीही एक अडचण आहे, आणि अर्थशास्त्राच्या दृष्टीने ती फार महत्त्वाची आहे. राखीव प्रदेशातील बहुतेक जमीन केंद्र सरकार जमातीच्या वतीने विश्वस्त म्हणून धारण करते. त्यामुळे ती विकली जात नाही, हा तिचा गुण. पण ती तारणही ठेवता येत नाही, आणि तारण नाही म्हणून कर्ज नाही. जमातीच्या शासनाला मालमत्ता कराचा आधार मिळत नाही, कारण कर लावावा अशी खासगी मालमत्ताच थोडी असते. राखीव प्रदेशात बाहेरची कंपनी आली, तर तिच्याकडून जमातीबरोबर घटक राज्यही कर घेऊ शकते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली तेलविहिरींच्या एका प्रकरणात दिला. दुहेरी कर भरून तेथे कोण भांडवल गुंतविणार?

१९५३ साली अमेरिकन संसदेने जमातींचा वेगळा दर्जाच संपुष्टात आणण्याचे धोरण स्वीकारले. त्याविरुद्ध आदिवासींनी दीर्घ लढा दिला आणि १९७५ साली स्वयंनिर्णयाचा कायदा झाला. शाळा, दवाखाने, घरे यांचा कारभार जमातींनी स्वतः करावा, असे ठरले. परंतु कारभार हाती येतो न येतो तोच १९८० नंतर रेगन यांच्या राजवटीत आदिवासींसाठीच्या केंद्रीय खर्चाला कात्री लागली. अधिकार मिळाले आणि तिजोरी रिकामी झाली, अशा अवस्थेत जमातींच्या परिषदा उत्पन्नाचे साधन शोधू लागल्या.

न्यायालयातून उघडलेली वाट

या वाटेची सुरुवात जुगाराशी काडीचाही संबंध नसलेल्या एका खटल्याने झाली. मिनेसोटा राज्यातील ओजिब्वे जमातीच्या एका दांपत्याला त्यांच्या फिरत्या घरावरील १४७ डॉलर ९५ सेंट कराची नोटीस आली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९७६ साली न्यायालयाने एकमताने सांगितले की, राखीव प्रदेशातील आदिवासींवर कर लादण्याचा किंवा तेथे आपली नियंत्रणे चालविण्याचा सर्वसाधारण अधिकार घटक राज्याला नाही. त्या क्षुल्लक रकमेतून निघालेले तत्त्व फार दूरवर गेले. १९७९ साली फ्लोरिडातील सेमिनोल जमातीने मोठ्या बक्षिसांचा बिंगो सुरू केला. बिंगो म्हणजे आपल्याकडील हाउसीचाच भाऊ. शेरीफने तो बंद पाडण्याचा प्रयत्न केला, पण १९८१ साली अपील न्यायालयात जमातच जिंकली.

निर्णायक खटला कॅलिफोर्नियात झाला. काबाझोन ही तेथील वाळवंटाच्या कडेची, जेमतेम पंचवीस सभासदांची जमात. तिच्या पत्त्यांच्या खोलीवर आणि बिंगोवर सरकारी यंत्रणांनी बडगा उगारला. २५ फेब्रुवारी १९८७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी जमातीच्या बाजूने निकाल दिला. त्यातील युक्तिवाद समजून घेण्यासारखा आहे. कॅलिफोर्निया राज्य स्वतः लॉटरी चालवीत होते, तेथे घोड्यांच्या शर्यतींवर पैसे लागत होते, धर्मादाय संस्थांना बिंगोची मुभा होती. म्हणजे जुगार हे त्या राज्याच्या दृष्टीने पाप नव्हते, केवळ नियंत्रणाखालचा एक धंदा होता. मग राज्याने जे स्वतः करावे ते जमातीने मात्र करू नये, हे कोणत्या न्यायाने? केरळने १९६७ साली आणि महाराष्ट्राने १९६९ साली सरकारी लॉटरी सुरू केली, हे लक्षात घेतले म्हणजे या प्रश्नाची धार आपल्यालाही जाणवेल.

निकालानंतर दोन वर्षांच्या आत, ऑक्टोबर १९८८ मध्ये, संसदेने जमातींच्या जुगाराविषयी कायदा केला. त्याची दोन तोंडे आहेत. एकीकडे त्याने असे बंधन घातले की अशा जुगारगृहाची मालकी जमातीचीच असावी आणि निव्वळ उत्पन्न पाचच कारणांसाठी खर्च व्हावे: जमातीचे शासन, सभासदांचे कल्याण, जमातीचा आर्थिक विकास, धर्मादाय आणि स्थानिक संस्थांना साहाय्य. बाहेरच्या व्यवस्थापक कंपनीला साधारणतः पाच वर्षे आणि निव्वळ उत्पन्नाच्या तीस टक्क्यांपर्यंतच मोबदला घेता येतो. अपवादात्मक प्रसंगी ही मर्यादा सात वर्षे आणि चाळीस टक्के होते. दुसरीकडे, नाणेयंत्रे आणि पत्त्यांचे मोठे जुगार चालवावयाचे तर घटक राज्याशी करार केलाच पाहिजे, अशी अट घालून त्या कायद्याने न्यायालयात जिंकलेले स्वातंत्र्य अर्धे परत घेतले. राज्याने प्रामाणिकपणे वाटाघाटी केल्या नाहीत तर जमातीने दावा लावावा, ही त्यातली पळवाटही सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली जवळपास बुजविली. राज्याच्या संमतीवाचून राज्यावर असा दावा लावता येत नाही, असे ठरले. तेव्हापासून करारासाठी राज्ये आपला हिस्सा मागू लागली. कनेक्टिकटमध्ये नाणेयंत्रांच्या उत्पन्नाचा चौथा हिस्सा राज्याच्या तिजोरीत जातो.

हा पैसा कोठून येतो

आता पहिला प्रश्न घेऊ. रिकार्डोने भूमीच्या खंडाचा जो सिद्धान्त मांडला, त्यात सुपीक आणि नापीक जमिनीतील फरकामुळे जमीनमालकाला न राबता अधिक उत्पन्न मिळते. आदिवासी जुगारगृहाचे उत्पन्नही असाच खंड आहे. येथे फरक मातीच्या कसाचा नसून कायद्याचा आहे. सीमेच्या या बाजूला जे निषिद्ध, ते त्या बाजूला मोकळे. शेजारच्या शहरातील माणूस ती सीमा ओलांडून येतो आणि पैसे टाकून जातो. यात नवे धान्य पिकत नाही, कापड विणले जात नाही. एका खिशातला पैसा दुसऱ्या खिशात जातो. ज्या दिवशी शेजारच्या राज्यात तीच मुभा मिळेल, त्या दिवशी हा खंड आटू लागेल.

यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली ही की, या उत्पन्नाचे वाटप गरजेप्रमाणे होत नाही, भूगोलाप्रमाणे होते. कनेक्टिकटमधील मशान्टकेट पीकॉट जमातीचे उदाहरण घ्या. १६३७ च्या युद्धात वसाहतवाल्यांनी तिची कत्तल केली आणि पुढच्या वर्षीच्या तहाने पीकॉट हे नाव उच्चारण्यासही मनाई केली. या जमातीला केंद्राची मान्यता १९८३ साली मिळाली. अमेरिकन बँका कर्ज देईनात तेव्हा मलेशियातील एका जुगार उद्योगपतीच्या भांडवलावर १९९२ साली तिने फॉक्सवुड्स हे जुगारगृह उघडले आणि न्यूयॉर्क व बॉस्टन यांच्या मधोमध असल्यामुळे ते जगातील सर्वांत मोठ्या जुगारगृहांत गणले जाऊ लागले. काही शेकडा सभासद श्रीमंत झाले. दक्षिण डाकोटातील पाइन रिज येथे ओग्लाला सू जमातीचेही जुगारगृह आहे. परंतु जवळ मोठे शहर नाही, येणारे गिऱ्हाईक थोडे, आणि जमात अमेरिकेतील अतिदरिद्री समूहांत आजही मोडते. मान्यताप्राप्त जमाती ५७० हून अधिक आहेत, त्यांपैकी जुगारगृहे चालविणाऱ्या सुमारे २४०. त्यांतही मोजक्या बड्या जुगारगृहांतच एकूण उत्पन्नाचा निम्म्याच्या आसपास हिस्सा गोळा होतो. कॅलिफोर्नियाने १९९९ च्या करारांतून एक उपाय योजला. ज्यांच्याकडे जुगारगृह नाही किंवा अगदी लहान आहे, त्या जमातीला मोठ्या जमातींच्या वर्गणीतून वर्षाला ११ लाख डॉलर मिळतात. खंडाचे सामाजिकीकरण कसे करता येते, याचा हा लहानसा पण बोलका नमुना आहे.

दुसरी गोष्ट अस्थैर्याची. २००८ च्या मंदीनंतर गिऱ्हाईक घटले, शेजारी स्पर्धक उभे राहिले आणि २०० कोटी डॉलरहून अधिक कर्ज अंगावर असलेल्या पीकॉट जमातीला २००९ साली हप्ते चुकवावे लागले. सभासदांना वाटली जाणारी रक्कम पुढे बंद झाली. २०२० साली महामारीत जुगारगृहांना कुलपे लागली आणि सर्व जमातींचे मिळून उत्पन्न ३,४६० कोटी डॉलरवरून २,७८० कोटींवर घसरले. खासगी कंपनीचा नफा बुडाला तर भागधारक रडतात. येथे दवाखान्याच्या परिचारिकेचा आणि शाळेच्या शिक्षकाचा पगार त्याच तिजोरीतून निघत होता. आज मोबाइलवरील पैजा हे नवे आव्हान उभे आहे. गिऱ्हाइकाला सीमा ओलांडण्याची गरजच उरली नाही, तर सीमेचा खंड कसा टिकणार? फ्लोरिडात सेमिनोल जमातीने राज्याशी २०२१ साली करार करून खेळांवरील ऑनलाइन पैजांचा हक्क स्वतःकडे घेतला आणि तो न्यायालयीन लढ्यात टिकविला. सगळ्याच जमातींना हे साधणार नाही.

मालकीने पडलेला फरक

एवढ्यावरून हा सारा खटाटोप व्यर्थ ठरवावा काय? तसे करणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही. विल्यम इव्हान्स आणि ज्युली टोपोलेस्की या अर्थशास्त्रज्ञांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, जुगारगृह उघडल्यानंतर चार वर्षांत राखीव प्रदेशातील रोजगार २६ टक्क्यांनी वाढला, लोकसंख्या सुमारे १२ टक्क्यांनी वाढली आणि काम करूनही दारिद्र्यात राहणाऱ्या प्रौढांचे प्रमाण १४ टक्क्यांनी घटले. लोकसंख्या वाढली याचा अर्थ असा की, पोटासाठी शहरात गेलेली माणसे घरी परत आली.

याहून लक्षणीय पुरावा उत्तर कॅरोलायनातील पूर्व चेरोकी जमातीत मिळाला. १८३८ च्या हद्दपारीत जे डोंगरांत मागे राहिले त्यांचे हे वंशज. ड्यूक विद्यापीठाच्या जेन कॉस्टेलो आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून त्या परिसरातील १,४२० मुलांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास करीत होते आणि त्यांतील सुमारे चौथा हिस्सा आदिवासी मुलांचा होता. अभ्यास चालू असतानाच जमातीने जुगारगृह काढले आणि नफ्याचा निम्मा भाग प्रत्येक सभासदाला समान वाटावयाचा, निम्मा जमातीच्या शासनाने वापरावयाचा, असे ठरविले. मुलांचा वाटा ती सज्ञान होईपर्यंत विश्वस्त निधीत राहतो. हे पैसे मिळण्यासाठी कोणतीही परीक्षा नाही, दारिद्र्याचा दाखला नाही. २००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जी कुटुंबे दारिद्र्यरेषेच्या वर आली, त्यांच्या मुलांतील वर्तनविषयक दोष सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाले होते आणि ती कधीच गरीब नसलेल्या मुलांच्या पातळीला येऊन पोहोचली होती. पुढील अभ्यासांत शालेय शिक्षण पुरे करणाऱ्यांचे प्रमाण वाढलेले आणि किरकोळ गुन्हे घटलेले दिसले. गरिबांच्या हाती पैसा दिला तर ते तो उधळतात, ही समजूत आपल्याकडील अर्थखात्यांतही घट्ट बसलेली आहे. तिला हे उत्तर आहे. मात्र मुलांचे आयुष्य सुधारले ते नाणेयंत्रामुळे नव्हे, हेही नीट पाहिले पाहिजे. सुधारणा झाली ती कुटुंबाच्या हाती खात्रीचे उत्पन्न आल्यामुळे. ते खाणीच्या स्वामित्वशुल्कातून किंवा जंगलाच्या उत्पन्नातून आले असते तरी हेच घडले असते.

मिसिसिपीतील चॉक्टॉ जमातीचा मार्ग आणखी वेगळा. वाट्याने दुसऱ्याची शेती कसणारे हे लोक. फिलिप मार्टिन या त्यांच्या प्रमुखाने सत्तरच्या दशकात औद्योगिक वसाहत उभारली आणि १९७९ साली जमातीच्या मालकीचा कारखाना मोटारगाड्यांच्या विजेच्या तारांच्या जुडग्या तयार करू लागला. जुगारगृह आले ते १९९४ साली. म्हणजे कामाची शिस्त, हिशेबाची पद्धत, स्वतंत्र न्यायव्यवस्था आधी उभी राहिली आणि जुगाराचा पैसा त्या सांगाड्यात ओतला गेला. पुढे तारांच्या जुडग्यांचे काम स्वस्त मजुरीच्या शोधात मेक्सिकोकडे गेले, तेव्हा जमात कोसळली नाही. सेमिनोल जमातीने २००७ साली हार्ड रॉक ही जगभर हॉटेले चालविणारी कंपनी ९६ कोटी ५० लाख डॉलरला विकत घेतली. हार्वर्ड विद्यापीठाच्या स्टीफन कॉर्नेल आणि जोसेफ काल्ट यांनी १९८७ पासून अनेक जमातींचा तुलनात्मक अभ्यास केला. नैसर्गिक संपत्ती किंवा शिक्षण यांपेक्षाही, निर्णय कोण घेतो आणि ते अमलात आणणाऱ्या संस्था कितपत भक्कम आहेत, यावर यश अवलंबून असते, हा त्यांचा निष्कर्ष आहे.

दुसरी बाजू

खतावणीला नावेची बाजू असते. इव्हान्स आणि टोपोलेस्की यांच्याच अभ्यासात, जुगारगृह असलेल्या जिल्ह्यांत दिवाळखोरी, हिंसक गुन्हे आणि वाहनचोरी यांत सुमारे १० टक्के वाढ आढळली. नाणेयंत्रापुढे बसणारा गिऱ्हाईक बहुधा कोट्यधीश नसतो. तो निवृत्तिवेतन घेणारा वृद्ध असतो, पाळी संपवून आलेला कामगार असतो. एका पीडित समूहाच्या शाळेचा खर्च दुसऱ्या पीडिताच्या हरण्यातून निघतो, हे समाजवादी विचाराच्या माणसाने विसरता कामा नये.

नोकरांचा प्रश्नही असाच कठीण आहे. या जुगारगृहांत राबणारे बहुसंख्य कामगार जमातीबाहेरचे आहेत. त्यांनी संघटना बांधू म्हटले, तेव्हा काही जमातींनी सार्वभौमत्वाची ढाल पुढे केली. २००७ साली सान मॅन्युएल जमातीच्या प्रकरणात अपील न्यायालयाने केंद्रीय कामगार कायदा अशा जुगारगृहांना लागू असल्याचा निर्णय दिला. त्याच वर्षी फॉक्सवुड्समधील पत्ते वाटणाऱ्या कामगारांनी मोटार कामगारांच्या संघटनेच्या बाजूने मतदान केले. बराच वाद झाला आणि शेवटी जमातीच्याच कायद्याखाली बोलणी होऊन २०१० मध्ये करार झाला. ही तडजोड मोलाची आहे. स्वराज्य आणि कामगारांचा हक्क यांपैकी एकाचा बळी दिलाच पाहिजे असे नाही, हे तिने दाखविले.

पैसा आला की दलाल येतात. जॅक अब्रामॉफ या वॉशिंग्टनमधील मध्यस्थाने आपल्या साथीदारासह जमातींकडून कोट्यवधी डॉलर उकळले. टेक्सासमधील टिग्वा जमातीचे जुगारगृह बंद पाडण्याच्या मोहिमेत पडद्याआडून हात असलेल्या या मंडळींनी, ते पुन्हा उघडून देतो म्हणून त्याच जमातीकडून ४२ लाख डॉलर घेतले. २००६ साली अब्रामॉफने न्यायालयात गुन्हा कबूल केला. दलाल बाहेरचा होता, पण सगळाच रोग बाहेरचा नाही. नफा माणशी वाटला जाऊ लागला की सभासद जितके थोडे तितका वाटा मोठा. कॅलिफोर्नियातील काही जमातींनी पूर्वजांच्या नोंदींवर शंका घेऊन शेकडो सभासदांची नावे वंशावळीच्या वहीतून काढून टाकली. नावे काढणाऱ्यांनी पैशाचे कारण नाकारले आणि निघालेल्यांनी तेच खरे कारण मानले. काही असो, बांधवांना बांधव राहू न देणाऱ्या संपत्तीला विकास म्हणणे कठीण आहे.

नकाराचा अधिकार

या संदर्भात नव्हाहो राष्ट्राचा अनुभव विशेष बोधक आहे. भूभागाच्या दृष्टीने ही अमेरिकेतील सर्वांत मोठी राखीव भूमी. येथे १९९४ आणि १९९७ साली लोकांनी प्रत्यक्ष मतदानाने जुगारगृहाचा प्रस्ताव फेटाळला. बेकारी तीव्र असताना फेटाळला. पुढे २००४ साली तिसऱ्या मतदानात कौल बदलला आणि पहिले जुगारगृह २००८ साली उघडले. दोन वेळा नाही म्हणणे आणि तिसऱ्या वेळी हो म्हणणे, या दोन्ही गोष्टी लोकांनी स्वतः केल्या. आणखी एक नकार याहून मोठा आहे. १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने ब्लॅक हिल्स हा पवित्र डोंगराळ प्रदेश सू राष्ट्राकडून अन्यायाने हिरावला गेल्याचे मान्य केले आणि व्याजासह दहा कोटी डॉलरहून अधिक भरपाई कायम केली. दारिद्र्यात खितपत असूनही सू लोकांनी ती रक्कम आजतागायत उचललेली नाही. व्याजाने ती शंभर कोटींच्या पुढे गेली आहे. त्यांना डोंगर परत हवे आहेत. विकास म्हणजे पैसा, असे समजणाऱ्याला हा व्यवहार कधीच कळणार नाही.

आपल्याकडील प्रश्न

आपल्याकडे पाहिले असता प्रथम गोव्याची आठवण होते. गोव्याने १९७६ च्या आपल्या जुगारविषयक कायद्यात १९९२ साली दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत नाणेयंत्रांना आणि १९९६ साली जहाजांवर पत्त्यांच्या जुगाराला वाट करून दिली. आज पणजीसमोर मांडवीच्या पात्रात जी तरंगती जुगारगृहे दिसतात ती खासगी कंपन्यांची आहेत. सरकारला परवानाशुल्क आणि कर मिळतो, नफा भागधारकांचा. गोमंतकीयांनी आत जुगार खेळू नये असा नियम २०२० पासून आहे, यावरून राज्यकर्त्यांनाही या धंद्याच्या परिणामांची कल्पना आहे हे उघड होते. अमेरिकेतील जमातींच्या यशाचे दाखले देऊन अशा धंद्याचे समर्थन करणे ही फसवणूक ठरेल. तेथे मालकी समुदायाची आहे आणि उत्पन्नाच्या वापरावर कायद्याची बंधने आहेत. येथे नदी सर्वांची आणि उत्पन्न काहींचे. महाराष्ट्रानेही १९७६ साली कॅसिनोंना परवानगी देणारा कायदा करून ठेवला होता. तो कधीही अमलात आला नाही आणि २०२३ साली रद्द झाला, हे योग्यच झाले.

दुसरी आठवण आपल्या आदिवासी प्रदेशांची. येथील आदिवासीकडे जुगारगृहाचा खंड नाही आणि त्याची गरजही नाही, कारण त्याच्या पायाखाली खनिज आणि माथ्यावर जंगल आहे. तेथे प्रश्न उत्पन्नाच्या अभावाचा नाही, त्याच्या मालकीचा आहे. १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनाधिकार कायदा यांनी ग्रामसभेला काही अधिकार दिले. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गोंड गावाने २००९ साली आपल्या सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळविला आणि २०११ साली बांबू विकण्याचा अधिकार वनखात्याशी झगडून प्रत्यक्षात आणला. ते उत्पन्न गावाच्या निर्णयाने गावाच्या कामी आले. ओडिशात २०१३ साली नियमगिरीच्या बारा ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला एकमुखाने नकार दिला. पूर्व चेरोकींनी नफ्याचा निम्मा वाटा शासनासाठी राखला, नव्हाहोंनी दोनदा नकार दिला, त्याच जातीच्या या कृती आहेत.

परंतु मेंढा-लेखा हे अपवादच राहिले आहे. ग्रामसभेच्या सह्या घेऊन निर्णय मात्र जिल्ह्याच्या गावी होतात, सामूहिक हक्कांचे दावे वर्षानुवर्षे पडून राहतात आणि हक्क मिळाला तरी हिशेब ठेवणारी, लिलाव करणारी, ठेकेदाराशी बरोबरीने बोलणारी यंत्रणा गावाकडे नसते. काबाझोनच्या पंचवीस माणसांना न्यायालयात उभे राहता आले, कारण त्यांच्या परिषदेला कायद्याच्या दृष्टीने अस्तित्व होते. चॉक्टॉ जमात टिकली, कारण पैशाआधी संस्था उभी होती. तेव्हा कार्यकर्त्यांनी करावयाचे काम कष्टाचे आणि बिनबोभाट आहे: सामूहिक वनहक्काचे दावे तयार करणे, ग्रामसभेचे दप्तर लिहावयास शिकविणे, उत्पन्नातील किती भाग घरोघर वाटावा आणि किती सामाईक ठेवावा याची चर्चा गावात घडवून आणणे, आणि वाटपाच्या यादीतून विधवा, परित्यक्ता किंवा बाहेरून आलेली सून वगळली जात नाही ना, हे पाहणे. हे काम ज्या गावात झाले असेल, त्या गावापुढे उद्या खाण येवो, पर्यटनाचा प्रकल्प येवो की आणखी काही येवो, होकार द्यावयाचा की नकार, हे त्या गावालाच ठरविता येईल.